कुजणे, व्रण आणि कुष्ठ : कलकत्त्यातील एका शब्दान्तराचा इतिहास

भाषांतराचा इतिहास लिहू लागले की आपले लक्ष बहुधा धर्म, न्याय, प्रीती, मुक्ती अशा भारदस्त शब्दांकडे जाते. गळू, खरूज, नायटा, पू, सडणे, कुजणे या शब्दांकडे समीक्षकाने वळावे, हे पुष्कळांना अभिरुचीला सोडून वाटेल. तथापि कोणत्याही भाषेत जुने, घरगुती आणि नेमके शब्द शोधावयाचे असतील तर ते याच वस्तीत सापडतात. राजसत्ता बदलली की दरबारी शब्द बदलतात. पण खपली, पुळी, चट्टा हे शब्द आईच्या तोंडून मुलाकडे जातात आणि त्यांना कोणाच्या फर्मानाची गरज लागत नाही. इंग्रजी शब्दांशी या शब्दांची पहिली छापील गाठ कलकत्त्यात आणि त्याच्या शेजारच्या श्रीरामपुरात पडली. त्या गाठीचे परिणाम पुढे शब्दकोशापुरते राहिले नाहीत. ते कायद्यात आले, आश्रमांच्या पाट्यांवर आले, लग्न ठरविणाऱ्यांच्या बैठकीत आले. म्हणून हा विषय येथे घेतला आहे.

फोर्ट विल्यम कॉलेजची स्थापना १८०० साली झाली. १८०१ मध्ये विल्यम केरी तेथे आला तो बंगाली आणि संस्कृत शिकविण्यासाठी. पुढे मराठीही त्याच्याकडे आली. मराठ्यांच्या दरबारांशी कंपनीचा संबंध लढाईचा आणि तहाचा होता, त्यामुळे तरुण अधिकाऱ्यांना ही भाषा येणे सोयीचे होते. केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपुरास छापले गेले आणि १८१० मध्ये त्याचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, त्यातील मराठी शब्द मोडी लिपीत. त्याचे मराठीचे शिक्षक वैजनाथ शर्मा होते. मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर, हुगळीच्या काठी, एक पंडित आणि एक मिशनरी समोरासमोर बसून मोडी शब्दापुढे इंग्रजी शब्द मांडीत आहेत, हे आमच्या कोशवाङ्‌मयाचे आरंभीचे चित्र आहे. मोल्सवर्थचा पहिला कोश मुंबईस १८३१ साली निघाला, कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली आणि मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ साली. त्या सर्वांच्या आधी हे काम बंगालात झाले होते.

या कामातील अडचण कोणती होती ते समजण्यासाठी क्षणभर स्वयंपाकघरात आणि शेतात जावे लागेल. मराठीत दूध नासते, वरण विटते, पीठ आंबते, तेल खवट होते, भाकरीला बुरशी येते, फळ सडते, पाला कुजतो, दात किडतो, लोखंड गंजते, भिंतीला लोणा लागतो, कापड विरते, जखम चिघळते आणि माणूस झिजतो. यांतील एकाच्या जागी दुसरे क्रियापद घातले तर लहान मूलही हसेल. इंग्रजीत ‘रॉट’ हा शब्द जुना, अस्सल जर्मानिक घराण्यातला; ‘डीके’ हा फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आलेला, आणि त्याच्या मुळाशी खाली पडण्याची कल्पना आहे. त्यामुळे इंग्रजीत दात, घर, नीती आणि साम्राज्य या चौघांनाही ‘डीके’ लागू पडतो. आमच्याकडे दाताची कीड वेगळी, घराची पडझड वेगळी, नीतीचा ऱ्हास वेगळा, आणि साम्राज्याचा तर पडता काळ येतो. मराठीत पडण्याची कल्पना आहे, पण ती दातापर्यंत पोचत नाही. दात पडतो तो निराळ्या अर्थाने. शिवाय ‘कुजणे’ या शब्दात आम्ही सर्वथा अशुभ काही पाहात नाही. चांगले कुजलेले शेणखत ही शेतकऱ्याची संपत्ती आहे.

बंगालीशी तुलना केली तर प्रकरण अधिक रंजक होते. संस्कृत पच् या धातूचा अर्थ शिजणे, पिकणे, जिरणे. मराठीने त्यातून पचणे घेतले आणि ते पोटातच ठेवले. बंगालीत मात्र ‘पचा’ म्हणजे सडलेले, आणि पचा मासा कोणी विकत घेत नाही. केरीला बंगाली आधी येत होती आणि मराठी नंतर. एकाच धातूपासून निघालेल्या दोन शब्दांपैकी एक आरोग्याचा आणि दुसरा दुर्गंधीचा, हे त्याच्या टेबलावर रोज येत असले पाहिजे. हे अर्थान्तर वाटते तितके दूरचे नाही. सुश्रुताने सुजेच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत, आम, पच्यमान आणि पक्व. आणि आजही मराठी घरात गळू ‘पिकते’, आंबा पिकतो तसेच. बंगालीतही फोड पिकतोच. इंग्रज माणूसही गळवाला पिकलेले म्हणतो. शिजणे, पिकणे आणि सडणे या एकाच क्रियेच्या पायऱ्या आहेत, हे तिन्ही भाषांनी आपापल्या परीने जाणले होते.

नातेही आहे, आणि ते नाते जाहीर झाले तेही कलकत्त्यातच. २ फेब्रुवारी १७८६ रोजी विल्यम जोन्सने एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे प्रतिपादन केले. या सिद्धान्ताची उदाहरणे देताना आपण नेहमी पितृ, मातृ, भ्रातृ यांची देतो, कारण ती गोमटी आहेत. पण संस्कृतातील पूय, मराठीतील पू, लॅटिनमधील ‘पस’ आणि ‘प्यूट्रिड’ हे सर्व सडण्याच्या आणि दुर्गंधीच्या एकाच जुन्या धातूचे आहेत. इंग्रजीतील ‘फाउल’ हाही त्याच घरचा. ‘प’चा ‘फ’ होण्याचा जो नियम याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडला त्याने तो ओळखीचा होतो. त्याच नियमाच्या आणखी एका अंगाने संस्कृत दद्रु आणि जुना इंग्रजी ‘टेटर’ हे भाऊ ठरतात. दद्रुवरून हिंदी-बंगालीतला ‘दाद’ आला. मराठीने नायटा आणि गजकर्ण पसंत केले. ‘टेटर’ आज इंग्रजीत जवळजवळ मेला आहे, पण ‘हॅम्लेट’मधील भूत आपल्या अंगावर विषाने काय झाले ते सांगताना तोच शब्द वापरते. जोन्सच्या सिद्धान्ताचा हा पुरावा राजवंशांच्या नावांइतकाच भक्कम आहे, आणि माझ्या मते अधिक विश्वसनीय. कारण राजांची नावे उसनी घेता येतात, पुवाचे नाव उसने घेण्याची पाळी कोणावर येत नाही.

सर्वच साम्ये वारशाने आलेली नाहीत, काही अनुकरणाने आली. इंग्रजीतील ‘कँकर’ आणि ‘कॅन्सर’ हे दोन्ही लॅटिनमधील खेकड्याच्या नावावरून आले. आम्ही त्यावरून कर्करोग केला, बंगालीने कर्कटरोग. वस्तुतः गाठीसाठी अर्बुद हा शब्द आयुर्वेदात तयार होता. खेकडा युरोपातून आला आणि अर्बुदाला बाजूला सारून बसला. उलट ‘कारबंकल’ म्हणजे लॅटिनमध्ये लहानसा निखारा. मराठीतील काळपुळी तिच्या रंगाकडे पाहते, आगीकडे नाही. सुश्रुताने मधुमेह्यांच्या पुळ्यांचे दहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत शराविका परळासारखी, सर्षपिका मोहरीसारखी, मसूरिका मसुरीसारखी आणि कच्छपिका कासवाच्या पाठीसारखी. रोगाला नाव देणारा वैद्य मांडणीवरच्या डब्यांकडे पाहात होता असे वाटावे, इतकी ही नावे घरगुती आहेत.

सुश्रुतसंहिता प्रथम छापली गेली ती कलकत्त्यातच, १८३५-३६ मध्ये, मधुसूदन गुप्त यांच्या संपादनाखाली. हेच मधुसूदन गुप्त त्या सुमारास नव्या मेडिकल कॉलेजात शवविच्छेदन करणारे पहिले भारतीय म्हणून प्रसिद्ध झाले. एका हातात सुश्रुत आणि दुसऱ्या हातात शस्त्र, अशी ही व्यक्ती होती, आणि तिच्यावर मराठीत स्वतंत्र लेखन व्हावयास हवे. पुढे कविराज कुंजलाल भिषग्रत्न यांनी सुश्रुताचा इंग्रजी अनुवाद १९०७ ते १९१६ या काळात तीन खंडांत कलकत्त्यातूनच प्रसिद्ध केला. म्हणजे व्रण, विद्रधी, पिडका, कुष्ठ या शब्दांना इंग्रजी वस्त्रे चढविण्याचे काम शंभर वर्षे याच शहरात चालू होते.

या सर्व कामात एका शब्दाचे शब्दान्तर मात्र फार महागात पडले. तो शब्द कुष्ठ.

संस्कृतात कुष्ठ ही रोगांची एक मोठी वसाहत आहे. चरक आणि सुश्रुत दोघेही तिचे अठरा प्रकार मानतात, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. पण सातांत कोण बसवावयाचे याविषयी त्यांचे एकमत नाही. सुश्रुत दद्रूला महाकुष्ठांत घालतो आणि सिध्माला क्षुद्रांत. चरक नेमके उलट करतो. ज्या वर्गात साधा नायटा बसू शकतो, त्या वर्गाचे नाव एका विशिष्ट जंतुजन्य रोगाचे नाव असू शकत नाही, हे सांगावयास वैद्य असण्याची आवश्यकता नाही. त्याहूनही मागे गेल्यास अथर्ववेदात कुष्ठ हे एका औषधी वनस्पतीचे नाव आहे, आणि तिला ज्वर घालविण्यासाठी आळविले आहे. तीच वनस्पती ग्रीकांकडे ‘कोस्टस’ झाली. आमच्याकडे गांधी लोक ती उपलेट म्हणून विकतात.

‘लेप्रसी’चा इतिहासही असाच गढूळ आहे. ग्रीकमध्ये ‘लेप्रा’ म्हणजे खवले. हिब्रू धर्मग्रंथातील ‘त्साराअथ’ या शब्दासाठी ग्रीक अनुवादकांनी ‘लेप्रा’ घेतला आणि तेथून तो इंग्रजीत आला. पण हा ‘त्साराअथ’ माणसाच्या त्वचेवर पडतो तसा कपड्यावर आणि घराच्या भिंतीवरही पडतो. लेवीयच्या पुस्तकात त्याचे सविस्तर नियम आहेत. मराठी गृहिणीला विचारले तर ती तीन शब्द देईल : अंगावरचे कोड, कपड्यावरची बुरशी, भिंतीचा लोणा. हिब्रूने तिन्हींना एक नाव दिले, कारण तेथे प्रश्न रोगाचा नव्हता, शुद्धाशुद्धतेचा होता. आज अभ्यासक मानतात की ‘त्साराअथ’ म्हणजे ज्याला आपण कुष्ठरोग म्हणतो तो नव्हे. श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ मध्ये मत्तयकृत शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत बाहेर पडला, तेव्हा या गुंत्याची कल्पना युरोपातही फारशी कोणाला नव्हती. अनुवादकाला एक शब्द हवा होता आणि समोर एक भाषा होती.

१८२३ मध्ये कलकत्त्यात वैद्यकांची एक सोसायटी निघाली. तिच्या कार्यवृत्तांच्या पहिल्याच खंडात, १८२५ साली, होरेस हेमन विल्सन याचा हिंदूंना ज्ञात असलेल्या कुष्ठाविषयीचा निबंध आहे. विल्सन पेशाने सर्जन होता, एशियाटिक सोसायटीचा सचिव होता आणि १८१९ च्या संस्कृत-इंग्रजी कोशाचा कर्ता होता. या विषयाला त्याच्याहून अधिकारी माणूस मिळणे कठीण. पण निबंधाच्या शीर्षकातच त्याने ‘कुष्ठ अथवा लेप्रसी’ असे म्हटले आहे. हा ‘अथवा’ फार मोठा आहे. अठरा रोगांची वसाहत एका बाजूला, आणि बायबलातील अशुद्धतेच्या छायेत वाढलेला एक शब्द दुसऱ्या बाजूला, यांच्यामध्ये हे एक लहानसे अव्यय टाकले गेले. विल्सनला दोष द्यावयाचा नाही. हान्सेनला या रोगाचा जंतू दिसला तो १८७३ मध्ये. त्यापूर्वी काटेकोर विभागणी करण्याचे साधनच कोणाजवळ नव्हते. परंतु पुढील लेखकांनी हा ‘अथवा’ पाठ केला, आणि धर्मशास्त्रात कुष्ठी माणसाला वारसा नाकारणारी वचने त्या पाठात आयतीच सापडली.

मराठीत या रोगाचा शब्दव्यवहार याहून चमत्कारिक आहे. महारोग या नावाने वाग्भटाने आठ व्याधी मोजल्या. त्यांत वातव्याधी आहे, मुतखडा आहे, मूळव्याध आहे. मराठीने बाकीच्या सातांना मोकळे केले आणि महारोग हे नाव एकट्या कुष्ठाच्या गळ्यात बांधले. रक्तपित्त म्हणजे आयुर्वेदात रक्तस्राव. मराठीत रक्तपिती म्हणजे पुन्हा तोच रोग, आणि गुजरातीचेही तसेच. उलट कुष्ठ या शब्दाचा प्राकृत वंशज हिंदीत ‘कोढ’ झाला व त्याच रोगाचे नाव राहिला, बंगालीत ‘कुठ’ झाला, पण मराठीत ‘कोड’ होऊन पांढऱ्या डागांवर स्थिरावला. हे डाग सांसर्गिक नाहीत, वेदनादायक नाहीत. त्वचेतील रंगद्रव्य जाते इतकेच. बंगाल्यांनी त्यांना ‘श्वेती’ हे निराळे नाव देऊन शहाणपण केले. मराठीत कोड, पांढरे कोड आणि कुष्ठ यांच्या ध्वनिसाम्यामुळे व नात्यामुळे निष्कारण भीती पसरली. किती मुलींची स्थळे या एका शब्दाने मोडली असतील याचा हिशेब कोणत्याही कोशात मिळणार नाही.

सरकारने शब्दाची व्याख्या केली तेव्हा तिचा आधारही व्रणाचाच होता. बंगालचा १८९५ चा आणि त्याच्या पाठोपाठ सर्व ब्रिटिश हिंदुस्थानासाठी १८९८ चा, असे ‘लेपर’ लोकांविषयीचे कायदे झाले. १८९८ च्या कायद्याने ज्याच्या अंगावर व्रण पडू लागले आहेत अशा रोग्यालाच ‘लेपर’ मानले. आणि त्यांतही भीक मागणाऱ्या, निर्वाहाचे साधन नसलेल्या रोग्याला पकडून आश्रयगृहात ठेवण्याची तरतूद केली. म्हणजे ‘अल्सर’ हा शब्द येथे निदानाचे नव्हे, अटकेचे साधन झाला. ज्याचे हातपाय बधिर झाले आहेत त्याला विस्तव लागतो, खडा टोचतो आणि कळत नाही. जखम दुर्लक्षित राहते, चिघळते. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी हे पुढे सिद्ध केले. व्रण हा बहुतांशी बधिरतेचा परिणाम आहे, संसर्गाची निशाणी नाही. ज्यांच्यापासून कमी भय त्यांनाच कायद्याने उचलले, आणि ज्यांच्या अंगी रोग सांसर्गिक अवस्थेत होता पण त्वचा वरवर अखंड होती ते रस्त्यावर मोकळे राहिले. कलकत्त्याच्या गोबरा भागात जे आश्रयगृह उभे राहिले ते अल्बर्ट व्हिक्टर या राजपुत्राच्या नावाने ओळखले जाई.

याच कलकत्त्यात १९२१ च्या सुमारास लिओनार्ड रॉजर्स यांच्या प्रयत्नांनी ‘स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन’ सुरू झाले आणि अर्नेस्ट म्यूर यांच्यासारख्यांनी तेथे कुष्ठाचे संशोधन केले. औषध मुख्यतः चौलमुग्रा आणि त्याच्या जातीतील तेलांचे. यात एक जुना धागा पुन्हा हाती लागतो : सुश्रुताने पश्चिम समुद्राच्या किनारी वाढणाऱ्या तुवरक वृक्षाचे तेल कुष्ठावर सांगितले आहे, आणि तो वृक्ष म्हणजे आपल्याकडील कडू कवठ असे मानले जाते. कोकण-सह्याद्रीतील बी, सुश्रुताचा श्लोक आणि कलकत्त्याची प्रयोगशाळा असा तो प्रवास आहे. १९४० नंतर सल्फोन औषधे आली आणि तेलाचा काळ संपला.

मराठी माणसाच्या दृष्टीने या संस्थेचे महत्त्व निराळे आहे. मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, यांनी कुष्ठोपचाराचे शिक्षण याच संस्थेत घेतले. तेथे असताना त्यांनी प्रयोगासाठी जंतू आपल्या अंगात टोचून घेतले, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. त्यांनी १९४९ मध्ये स्थापिलेल्या संस्थेचे नाव मात्र ‘महारोगी सेवा समिती’ आहे. त्याआधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी काम सुरू केले, तेही ‘महारोगी सेवा मंडळ’ या नावाने. उलट अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये ‘जगदंबा कुष्ठनिवास’ स्थापिला. एकाच विदर्भात, पंधरा वर्षांच्या आत, हे दोन शब्द समोरासमोर उभे राहिले. महारोगी हा शब्द लोकांच्या तोंडचा, भयाने भारलेला. कुष्ठ हा पोथीतला, त्या मानाने थंड. ज्यांनी भयाचाच शब्द पाटीवर लावला त्यांनी त्या शब्दाला सेवा हा शब्द जोडून त्याचा विषदंत काढण्याचा यत्न केला, असे मला वाटते. १९४८ मध्ये हवाना येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘लेपर’ हा शब्द टाकून द्यावा असे सुचविले. ‘लेपर’मध्ये माणूस आणि रोग एकच होतात, आणि आमच्या ‘महारोगी’त तरी निराळे काय होते? आता सरकारी मराठीत कुष्ठरोग आणि ‘कुष्ठरुग्ण’ हे शब्द रूढ झाले आहेत. रुग्ण म्हटले की बरे होण्याची शक्यता शब्दातच येते.

साहित्याने या शब्दांचे काय केले हेही पाहावयास हवे, कारण इंग्रजांनी कलकत्त्यावर लिहिताना दुर्गंधीचे शब्द सढळपणे वापरले. १८३७ मध्ये जेम्स रॅनाल्ड मार्टिन याने या शहराच्या वैद्यकीय भूवर्णनाचे पुस्तक लिहिले, आणि त्या काळचे वैद्यक रोगाचे कारण कुजलेल्या हवेत शोधीत असे. ‘मलेरिया’ हा शब्द म्हणजे खराब हवाच. १८९८ मध्ये रोनाल्ड रॉसने याच शहरात पक्ष्यांवरील प्रयोगांनी डासाचा मार्ग दाखविला, तरी रोगाचे नाव हवेवरच राहिले. किप्लिंगने १८८८ मधील कलकत्त्यावरील लेखांत दुर्गंधीलाच जवळजवळ नायिका केले. बाहेरून आलेल्याचे हे वर्णन आहे. त्यात कुजणे ही शहराची जात ठरते. बंगाली कवींनी तेच शब्द आतून घेतले. जीवनानंद दासांच्या एका प्रसिद्ध कवितेत रात्रीच्या रस्त्यावर नळाचे पाणी चाटणारा कुष्ठरोगी आहे, आणि त्याच्याकडे पाहताना कवी नाक मुरडीत नाही. समरेश बसू यांनी ‘कालकूट’ या नावाने लिहिलेल्या ‘शाम्ब’ या कादंबरीला १९८० चे अकादेमी पारितोषिक मिळाले. कृष्णाचा मुलगा शापाने कुष्ठी होतो आणि सूर्योपासनेने बरा होतो, ही पुराणकथा तिचा आधार आहे. मयूर कवीविषयीही अशीच दंतकथा आहे. पुराणाला रोगी बरा होऊ शकतो हे मान्य होते, ते १८९८ च्या कायद्याला नव्हते.

मराठीत मर्ढेकरांनी १९४७ च्या ‘काही कविता’ मध्ये पिंपातले मेलेले उंदीर आणले तेव्हा अभिरुचीचा मोठा वाद माजला. त्या वादात कोणी एक गोष्ट फारशी बोलले नाही : सडणे, कुजणे यांचा शब्दसंग्रह मराठीत मर्ढेकरांच्या आधीही श्रीमंत होता, तो ओव्यांत आणि अभंगांत नसला तर शिव्याशापांत होता. जीभ झडो, अंगात किडे पडोत, हे शाप गावोगाव ऐकू येत. दानपत्रांत तर जमीन हिरावणाऱ्याने साठ हजार वर्षे विष्ठेतील कृमी व्हावे हा संस्कृत शाप ठराविक मजकूर म्हणून कोरलेला असे. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ निघाला, तेव्हा पू, व्रण, घाण हे शब्द प्रथमच शाप देणाऱ्याच्या तोंडून काढून घेऊन शाप भोगणाऱ्याच्या हाती दिले गेले. मर्ढेकरांच्या प्रतिमेत कुजणे हे युगाचे लक्षण आहे. ढसाळांत ते वस्तीचा पत्ता आहे. हा भेद मला युरोपीय प्रभावांच्या चर्चेपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. बोदलेरचे नाव दोघांच्या संदर्भात घेतले जाते, आणि बुद्धदेव बसूंनी बोदलेर बंगालीत आणल्यापासून कलकत्त्यातही ते घेतले जाते. पण प्रेताच्या वर्णनाचे धाडस आणि स्वतःच्या जखमेचे नाव घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कारणांत असाध्य आणि तीव्र ‘लेप्रसी’ होती; ते कारण २०१९ च्या दुरुस्तीने इतर व्यक्तिगत कायद्यांतील तशा तरतुदींसह काढून टाकले. म्हणजे विल्सनच्या ‘अथवा’ला शंभर नव्वदांहून अधिक वर्षे झाल्यावर कायद्याच्या पुस्तकातील त्याची एक गाठ सुटली. मराठी कोशांतील ‘कोड’ या नोंदीकडे अजून कोणी पाहिलेले नाही. नव्या कोशाचे काम करणाऱ्यांनी तेथे पांढऱ्या डागांचा रोग आणि कुष्ठरोग यांची निराळी नोंद करावी, आणि ‘कोढ’ या हिंदी शब्दापासून त्याचे अंतर स्पष्ट लिहावे.